कातता कातता जाकीट विणायचंय? पहिली लडी सुयांवर घेऊ नका

सुलट-उलट येतं, टाके घालता आणि बंद करता येतात, चाती, म्हणजे सूत कातायची फिरकी, खाली न पडता चार हात सूत निघतं, एवढं धरून चालू. आता स्वतः कातलेल्या लोकरीचं बिनबाह्यांचं जाकीट करायचंय. जरूर करा. कोल्हापूरची थंडी डिसेंबर-जानेवारीतली, तीही सकाळ-संध्याकाळची. तिला बाह्या लागत नाहीत, आणि दोन बाह्या एकसारख्या करण्याची डोकेदुखीही वाचते.

पहिली लडी तयार झाली की हात शिवशिवतात आणि त्याच संध्याकाळी टाके घातले जातात. जाकिटाची वाट तिथेच लागते, कळतं मात्र काखेपाशी पोचल्यावर.

शिकणाऱ्याचं सूत आठवड्या-आठवड्याला बारीक होत जातं. ही प्रगतीच आहे, पण कपड्याला ती सोसत नाही. हिशेब बघा. पहिल्या लडीचा नमुना, म्हणजे माप बघायला छोटा चौकोन, विणला, ४ इंचांत १८ टाके बसले. ४० इंच घेराला १८० टाके घातले. चौथ्या लडीपर्यंत सूत बारीक झालं आणि त्याच सुयांवर ४ इंचांत २० टाके बसू लागले, तर तेच १८० टाके आता ३६ इंच भरतात. दोनच टाक्यांचा फरक, पण घेर ४ इंचांनी गेला. खाली ढगळ, छातीत आवळ. ओळींचंही तेच होतं, म्हणून पुढचे दोन पल्ले लांबीला जुळत नाहीत.

आणि हे डोळ्याला दिसत नाही, कारण डोळा आजच्या सुताची तुलना कालच्या सुताशी करतो, पहिल्या दिवसाच्या सुताशी नाही. त्यासाठी पुठ्ठा हवा. मनासारखं एकेरी, म्हणजे एकाच पदराचं सूत निघालं की त्याचा वीतभर तुकडा पुठ्ठ्यावर ताणून चिकटवा. शेजारी तेच सूत ताजं असतानाच दुमडून, स्वतःभोवती पिळू देऊन बांधा. दुपदरी झाल्यावर ते कसं दिसेल, ते यात कळतं. ताजं असतानाच, हे महत्त्वाचं. चातीवर रात्रभर राहिलेल्या सुताचा पीळ झोपतो आणि दुमडल्यावर खोटं सांगतो. दर १० मिनिटांनी चालू सूत या पुठ्ठ्यावर धरून बघा. कंटाळवाणं आहे, पण उसवण्यापेक्षा कमी.

म्हणजे आधी सगळं कातायचं, मग विणायचं. एवढा धीर नसेल तर सरळ मफलर करा, त्याला मापच नसतं.

३६ इंच छातीच्या माणसाला साधारण ३५० ते ४०० ग्रॅम तयार सूत लागतं, वर ५० ग्रॅम जादा ठेवा. कच्ची लोकर दुप्पट घ्या. माती, काटे, तुटके केस गेले की वजन बरंच उतरतं. दख्खनी मेंढीची लोकर जाड आणि टोचरी असते, पण हाताला पकड देते, म्हणून शिकायला उत्तम. जाकीट शर्टावर घालायचं असल्याने टोचणं निभतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या पट्टणकोडोलीच्या बाजूला धनगरांकडे विचाराल तेव्हा जावळ मागा. कोकराची पहिली कातरण मऊ असते. मेरिनो मेंढीची लोकर मऊ खरी, पण ती निसटते. तिच्यावर पुढच्या वर्षी या.

घोंगडीचं सूत कातणाऱ्या आजी भेटल्या तर त्यांचा हात जरूर बघा, तसा हात कुठल्याही व्हिडिओत दिसणार नाही. त्यांचा पीळ मात्र उचलू नका. ते सूत मागावर चढायचं असतं, त्याला चिंचोक्याची खळ बसते, म्हणून ते एकेरी आणि करकचून पिळलेलं असतं. तेच सुयांवर घेतलं की विणकाम एका बाजूला तिरकं पळतं, धुऊनही सरळ होत नाही. खादीची टकळी आणि पेटी चरखा कापसाच्या आखूड तंतूसाठी आहेत. लोकरीला तिथे गरजेपेक्षा जास्त पीळ बसतो. ३० ते ४० ग्रॅमची लोंबती चाती पुरे. इलेक्ट्रिक चरख्याने वेग येतो, हात येत नाही, हे माझं स्पष्ट मत.

पिंजायला हातकंगवे मिळाले नाहीत तर कुत्र्याचे केस विंचरायचे तारांचे दोन ब्रश घ्या, पेळू, म्हणजे कातायला घ्यायच्या पिंजलेल्या लोकरीच्या गुंडाळ्या, छान होतात.

एकेरी सूत घड्याळाच्या दिशेने, दुपदरी करताना उलट. पेळूंचे ५०-५० ग्रॅमचे आठ भाग करा आणि प्रत्येक चातीभर सुताला नंबराची चिठ्ठी लावा. मग १ शी ८, २ शी ७, ३ शी ६, ४ शी ५ असं जोडा. जाड-बारीक एकमेकांत मिसळतं आणि चारही लड्या बऱ्याच जवळ येतात. पण १ नंबरचं सूत फारच दोरखंड असेल तर जोडू नका. बारीक पदर त्याच्याभोवती स्प्रिंगसारखा गुंडाळतो. ते वेगळं काढा आणि जादाच्या ५० ग्रॅममधून त्याची जागा भरा.

लड्या चार ठिकाणी सैल बांधून, रिठ्याच्या कोमट पाण्यात २० मिनिटं बुडवा. चोळू नका, लोकर आटून घट्ट बसते. धुऊन वाळलेल्या सुताचाच नमुना विणा, कारण धुतल्यावर सूत फुगतं. मोजपट्टीभोवती सूत शेजारी-शेजारी गुंडाळून १ इंचात ९-१० वेढे बसले तर ७ नंबरच्या सुया, म्हणजे साडेचार मिलिमीटर, धरून बघा. नमुना किमान ६ इंच चौरस. मधले ४ इंच मोजा, कडा खोटं बोलतात.

विणताना दोन लड्यांचे गुंडे एकदम चालवा, दोन ओळी याच्या, दोन ओळी त्याच्या. दोन्ही पल्ले एकाच सुईवर, शेजारी-शेजारी विणा. एवढं केलं तर राहिलेला गाठाळपणा हाताने कातल्याची खूण म्हणून शोभतो, त्याची चिंता सोडा.

वेगळं काढलेल्या सुताचे खिसे करा, जाडसर खिसा टिकतो. आणि धुवायचं काम शक्यतो जूनच्या आत उरका. इथल्या पावसाळ्यात जाड लडी दोन दिवस ओलीच राहते, मग तिला जो वास लागतो तो पुन्हा धुतल्याशिवाय जात नाही. अडलंच तर टॉवेलात गुंडाळून पायाने दाबा आणि पंख्याखाली दांडीवर टाका, खाली वजन न लावता.