मदुराईच्या चित्तिरै उत्सवाला जाताना या चुका टाळा

मदुराईला जाणाऱ्या मराठी यात्रेकरूंचा हिरमोड बहुतेक वेळा तिथल्या व्यवस्थेमुळे होत नाही. आपल्याकडचे पंचांग, देवळांच्या वेळा आणि दर्शनाचा क्रम तिथेही तसाच असेल, असे आपण गृहीत धरून चालतो आणि तिथे फसतो. मीनाक्षी म्हणजे पार्वती आणि सुंदरेश्वर म्हणजे शिव, यांचे इथले मंदिर पाहण्यासारखे आहेच, पण त्यांच्या विवाहाच्या चित्तिरै उत्सवात सारे शहर देवाच्या वेळापत्रकाने चालते, आणि ते वेळापत्रक आधी समजून घेतले नाही तर हजार-बाराशे किलोमीटरचा प्रवास वाया जाऊ शकतो.

सर्वांत महागात पडते ती तारखेची चूक. तमिळ महिने सौर आहेत. चित्तिरै महिना 14 एप्रिलच्या सुमारास सुरू होतो, तर आपला चैत्र गुढीपाडव्याला. अळगर म्हणजे विष्णू सोनेरी अश्वावर बसून वैगै नदीत उतरतो, तो चित्तिरै महिन्यातल्या पौर्णिमेला. आपली चैत्र पौर्णिमा 14 एप्रिलच्या आधी आली, तर तमिळ गणनेत ती पंगुनी या आधीच्या महिन्यात मोडते आणि उत्सव आपल्या वैशाख पौर्णिमेवर जातो. 2024 मध्ये हनुमान जयंती आणि अळगरचा नदीप्रवेश हे दोन्ही 23 एप्रिललाच होते. 2025 मध्ये मात्र हनुमान जयंती 12 एप्रिलला आणि नदीप्रवेश 12 मे रोजी झाला. कालनिर्णय पाहून ज्यांनी चैत्र पौर्णिमेची रेल्वे तिकिटे काढली असतील, ते त्या वर्षी बरोबर एक महिना आधी पोहोचले असणार.

याच्या पोटात आणखी एक चूक दडलेली आहे. मीनाक्षी मंदिराचा उत्सव ध्वजारोहणापासून मोजला जातो: आठव्या दिवशी मीनाक्षीचा पट्टाभिषेक म्हणजे राज्याभिषेक, नवव्या दिवशी दिग्विजय, दहाव्या दिवशी विवाह आणि अकराव्या दिवशी रथ. अळगर मात्र शहरापासून सुमारे वीस किलोमीटरवरच्या अळगर कोविलहून निघतो आणि त्या मंदिराचे वेळापत्रक वेगळे असते. 2024 मध्ये विवाहानंतर दोन दिवसांनी नदीप्रवेश झाला, तर 2025 मध्ये चार दिवसांनी. त्यामुळे रथ पाहून दुसऱ्याच दिवशी परतीचे आरक्षण करणे धोक्याचे आहे. दोन्ही मंदिरांची त्या वर्षीची कार्यक्रमपत्रिका जाहीर झाल्यावरच परतीची तारीख ठरवावी.

लोककथेत अळगर हा मीनाक्षीचा भाऊ. तो बहिणीच्या लग्नाला निघतो, पण वाटेतच लग्न आटोपल्याचे कळते आणि तो शहरात न येता रुसून परत फिरतो. नदीत उतरताना अळगरने नेसलेल्या रेशमी वस्त्राच्या रंगावरून लोक वर्ष कसे जाईल याचा अंदाज बांधतात. हिरवा रंग सुबत्तेचा मानतात. हे पाहायला पहाटे नदीपात्रात लोटणारी गर्दी अफाट असते. 16 एप्रिल 2022 रोजी याच गर्दीत चेंगरून दोन जणांचा मृत्यू झाला होता. म्हणून वृद्ध आणि मुले बरोबर असतील, तर नदीपात्राचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आदल्या दिवशी शहरातल्या तल्लाकुळम भागाकडे अळगरचे स्वागत होते, ती एदिरसेवै पाहावी. किंवा नंतर रामरायर मंडपात रात्री होणारे दशावतार दर्शन घ्यावे. देव तोच असतो आणि मांडवामांडवांत थांबत जाणारी त्याची पालखी कितीतरी जवळून दिसते.

विवाहसोहळ्याच्या वेळी मंदिराच्या आत तिकिटाशिवाय जागा मिळेल, या भरवशावर राहू नये. बाहेरच्या रस्त्यांवर मोठ्या पडद्यांची सोय असते, आणि मला तर बाहेरचीच गर्दी अधिक बोलकी वाटते: मीनाक्षीला मंगळसूत्र बांधले जाते त्याच क्षणी शेकडो सुवासिनी आपल्या गळ्यातला जुना दोरा काढून हळदीचा नवा दोरा बांधतात.

आता मंदिरातल्या चुका. दुपारी साडेबाराच्या सुमारास मंदिर बंद होते आणि चारच्या सुमारास उघडते. त्या मधल्या वेळेत तिरुमलै नायक्कर महाल किंवा गांधी संग्रहालय पाहावे. फेब्रुवारी 2018 मध्ये मंदिराच्या वीर वसंतरायर मंडपाला आग लागली, त्यानंतर आत मोबाइल नेण्यास बंदी आहे. मोबाइल, पिशवी आणि चपला प्रवेशद्वाराजवळच ठेवाव्या लागतात. चारही दिशांची उंच गोपुरे नवख्याला सारखीच दिसतात, म्हणून एका दाराने जाऊन दुसऱ्याने बाहेर पडलेला माणूस एप्रिलच्या तापलेल्या दगडांवरून अनवाणी फिरत राहतो. आत जाण्यापूर्वी दिशा लक्षात ठेवावी आणि मोबाइल नसल्यामुळे चुकामूक झाली तर भेटायची जागा ठरवून घ्यावी. मंदिरातल्याच पोट्रामरै तळ्याच्या पायऱ्या त्यासाठी उत्तम. अर्ध्या विजारी आणि बिनबाह्यांचे कपडे चालत नाहीत, पण पुरुषांना केरळमधल्या काही मंदिरांप्रमाणे सदरा काढावा लागत नाही.

दर्शनाचा क्रम आपल्या सवयीच्या उलट आहे: आधी मीनाक्षी, मग सुंदरेश्वर. आपण शिवमंदिरात सोमसूत्र, म्हणजे अभिषेकाचे पाणी वाहून नेणारी पन्हळ, ओलांडत नाही, तिथे मात्र गाभाऱ्याभोवतीच्या प्राकारातून पूर्ण प्रदक्षिणा घालतात. मध्येच मागे फिरणारा माणूस समोरून येणाऱ्यांची वाट अडवतो. शिवभक्त चंडिकेश्वराच्या मूर्तीसमोर हळूच टाळी वाजवून आपण काही घेऊन जात नाही, हे दाखवण्याची पद्धत आहे, पण तिथे कपड्यातले दोरे काढून टाकू नयेत. हातात दिलेले भस्म आणि कुंकू उरले, तर कित्येक जण ते सरळ खांबावर पुसतात. शेकडो वर्षांच्या कोरीव कामावर असे थर चढवण्यापेक्षा खिशात कागदाचा चौकोनी तुकडा ठेवावा आणि पुडी बांधून घरी आणावी.

तारीख चुकलीच, तर रात्रीची पळ्ळियरै पूजा पाहिल्याशिवाय निघू नये. ती रोज होते आणि सुंदरेश्वराच्या पादुका पालखीतून मीनाक्षीच्या शयनगृहात नेतात. वर्षात पुन्हा यायचे असेल, तर तै महिन्यातला, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतला तेप्पोत्सव (देवाला तराफ्यावरून फिरवण्याचा उत्सव) वंडियूरच्या मोठ्या तळ्यावर असतो, आणि आवणी महिन्यात, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुंदरेश्वराचा पट्टाभिषेक होतो. या दोन्ही तारखाही तमिळ पंचांगावरूनच काढाव्यात.