फवारणी पंपाला बॅटरी बदलताना

पऱ्हाटीवरच्या फवारणीत डबल मोटरचा पंप तासाभरातच बसला, तर दोष बॅटरीचाच असतो असं नाही; मोटर अन् बॅटरीच्या जोडीचाही असू शकतो, म्हणजे मोटर ओढते तेवढा करंट त्या बॅटरीला झेपत नसतो. मोटरचा ओहम मोजून उपयोग नाही; फिरत्या मोटरचा करंट त्यावरून कळत नाही. मल्टीमीटरची लाल वायर 10 अँपिअरच्या भोकात घाला, मीटर पॉझिटिव्ह वायरच्या मधात जोडा अन् टाकीत साधं पाणी भरून नोझल सुरू ठेवा. 3 अँपिअर दिसले, तर 12 व्होल्ट 8 एएचची (अँपिअर-तास, म्हणजे बॅटरीची क्षमता) लीड-ॲसिड बॅटरी साधारण दोन तास पुरते. 8 ला 3 नं भागून कागदावर येणारे जवळपास पावणेतीन तास विसरा. लिथियम बसवताना आधी बीएमएसची (पॅकमधल्या संरक्षक सर्किटची) करंटची मर्यादा पाहा: मोटर 6 अँपिअर ओढते अन् बीएमएस 5 चं, तर ट्रिगर दाबताच पंप बंद पडू शकतो. 3.7 व्होल्टच्या तीन लिथियम सेलच्या पॅकला 12.6 व्होल्टचाच चार्जर लावा. जुना लीड-ॲसिडचा अजिबात नको.