डीएनएवरून घराण्याचा शोध घेताय? या चुका टाळा

थुंकीवरून केलेल्या डीएनए चाचणीचा अहवाल आला की पहिली नजर जाते टक्क्यांवर. 'मध्य आशिया ४ टक्के' दिसलं की घरच्या ग्रुपवर शक-हूणांची चर्चा सुरू! ते टक्के म्हणजे कंपनीजवळच्या, निरनिराळ्या भागांतल्या लोकांच्या नमुन्यांशी ताडून काढलेला अंदाज. नमुने वाढले की टक्केही बदलतात. सख्ख्या भावंडांचेसुद्धा सारखे येत नाहीत. खरं काम असतं डीएनए जुळणाऱ्या नातेवाइकांच्या, कंपनीनं दिलेल्या यादीत.

आपली फसगतही तिथंच होते. दोघांचा किती डीएनए जुळतो हे सेंटिमॉर्गनमध्ये मोजतात. सख्ख्या चुलत-मामेभावंडांत सरासरी साडेआठशेच्या आसपास, चुलतचुलत भावंडांत सव्वादोनशे. पण हा हिशोब धरतो की नातं एकाच वाटेनं आलंय. मामाची मुलगी करायची रीत असलेल्या घरांत तो कोलमडतो. माझ्या यादीत टोरांटोच्या एक बाई निघाल्या, १४० सेंटिमॉर्गन. कंपनीच्या मते आमचे पणजोबा एकच. दोन महिने मी तो पणजोबा शोधत बसले. शेवटी आजी म्हणाली, "अगं, त्यांच्या घरात आपल्या दोन मुली दिल्यात, एकीमागून एक." म्हणजे नातं खापरपणजोबांपासूनचं, पण दोन वाटांनी आलेलं. म्हणून एकूण आकड्याबरोबर सलग जुळणारा सर्वांत लांब तुकडा किती, तेही बघा; नातं जवळचं असेल तर तो सहसा मोठा असतो. आमचा २२चाच होता, बाकी सगळा चुरा.

आजी आहे तोवर तिची चाचणी आधी करा, नातवाची नंतर. दर पिढीला निम्मा डीएनए गळतो. खापरपणजोबा एक असलेल्या दहा जोड्यांतल्या एखादीत काहीच जुळत नाही, तेव्हा यादीत नाव नाही म्हणजे नातं नाही, असं समजू नका. थुंकीचा नमुना देण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, काही नको. म्हाताऱ्या माणसांना थुंकी लवकर सुटत नाही. गाल बाहेरून हलके चोळा.

गोत्र सिद्ध करायला वाय-गुणसूत्राची चाचणी करणारेही भेटतात. ती फक्त बापाकडून मुलाकडे जाणारी ओळ दाखवते. बायकांना वडिलांचा किंवा भावाचा नमुना द्यावा लागतो. आणि ओळ जुळली नाही तर लगेच कुजबुज नको. वतन टिकवायला दत्तक घेणं आपल्याकडं सर्रास होतं.

पाकीट पोस्टात टाकण्याआधी घरच्यांना विचारा, कारण तुमच्या थुंकीत त्यांचाही डीएनए आहे. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून २०२३मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि २०२५मध्ये तिनं दिवाळखोरीचा अर्ज केला. माझ्या काकांनी हे वाचून नकार दिला. त्यांची बाजू मी अजून कागदांवरूनच जुळवतेय.