सबमरिनर ५५१३ सर्व्हिसिंगला देताना : कोणता भाग बदलायचा, कोणता नाही

रोलेक्सचे सबमरिनर ५५१३ हे मॉडेल १९६२ पासून १९८०च्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत होते. या घड्याळाची संग्राहक-किंमत मशीनवर फारशी ठरत नाही. ती ठरते डायल, काटे, बेझलचा इन्सर्ट (काचेभोवतीच्या फिरत्या कड्यावरची आकड्यांची चकती) आणि केसच्या कडांवर. म्हणून कोणता भाग बदलायचा हे घड्याळजीवर सोडू नका. घड्याळ उघडण्याआधीच मालकाने ते लेखी ठरवून द्यावे.

सुरुवात फोटोंनी करा. डायल समोरून आणि तिरप्या उजेडात, अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चखाली, केसच्या चारही शिंगांच्या (पट्टा अडकवायच्या टोकांच्या) कडा, पट्टा काढून दिसणारे नंबर (१२ वाजण्याच्या बाजूला मॉडेल नंबर, ६च्या बाजूला सिरीयल), आणि झाकण उघडल्यावर मशीन. मग जॉबकार्डवर चार ओळी लिहून सही घ्या : केस व चेनला पॉलिश नाही. डायल, काटे, इन्सर्ट बदलायचे नाहीत व साफही करायचे नाहीत. खाली दिलेल्या झिजणाऱ्या भागांच्या यादीबाहेरचा कुठलाही भाग विचारल्याशिवाय बदलायचा नाही. काढलेला प्रत्येक भाग परत हवा. यातली शेवटची ओळ सर्वांत महत्त्वाची. अधिकृत सेवाकेंद्राचा भर घड्याळ पुन्हा कंपनीच्या मापात बसवण्यावर असतो. तिथे झिजलेले काटे किंवा डायल बदलण्याचा आग्रह होऊ शकतो आणि जुने भाग परत मिळतीलच असे नाही. हे आधी विचारून घ्या.

बिनदिक्कत बदलावेत असे भाग म्हणजे झिजण्यासाठीच बनलेले भाग : झाकणाचे रबर, चावीची (बाहेरच्या फिरवायच्या बटणाची) नळी, मेन स्प्रिंग, पट्ट्याचे स्प्रिंगबार. त्यात रोटरची (हाताच्या हालचालीने फिरून चावी देणाऱ्या वजनाची) धुरी नक्की धरा. या घड्याळात बसणाऱ्या १५३० आणि १५२० या दोन्ही मशीनमध्ये ती झिजते, रोटर कलतो आणि झाकणाच्या आतल्या बाजूला घासतो. झाकण उघडल्यावर आत चकचकीत अर्धगोल ओरखडा दिसला, तर धुरी गेली असे समजा. ऑटोमॅटिक विभागातली लाल चाके दात झिजलेली असतील तर तीही बदला. हे भाग बदलल्याने किंमत कमी होत नाही. उलट कोरड्या तेलावर चालणारे मशीन आतून स्वतःला खात राहते.

चावी स्वतः ठेवण्यासारखी आहे की नाही हे आट्यांवर ठरते. आटे धरत असतील आणि फक्त नळी गेली असेल, तर नळीच बदला. नळी जबरदस्तीने आवळली तर केसमधले आटे जातात, आणि ते नुकसान भरून काढणे फार अवघड. नळीच्या आतल्या खाचांमध्ये बसणारे योग्य हत्यार नसेल, तर त्या दुकानात हे काम करूच नये.

काच अ‍ॅक्रिलिकची, ट्रॉपिक १९ या प्रकारची. नुसते ओरखडे असतील तर पॉलिवॉचसारखी पेस्ट मऊ कापडावर घेऊन दोन-चार मिनिटे घासा. जुना घुमट टिकतो. बुडाशी केसासारख्या बारीक भेगा दिसल्या तर मात्र काच बदला, कारण त्या भेगा पॉलिशने जात नाहीत आणि तिथूनच दमट हवा आत शिरते. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात हे फार लवकर दिसून येते. काच केसच्या गळ्यावर बाहेरून बसते, तिच्यावर स्टीलची रिंग प्रेसने दाबली जाते आणि त्या रिंगेवर फिरते बेझल खटकन बसते. कुठल्याही कंपनीची स्वस्त काच घेतली की तिच्या कडेची जाडी थोडी कमी-जास्त निघते. पातळ असेल तर रिंग सैल राहते, जाड असेल तर दाबताना बूड तडकते.

इन्सर्ट अ‍ॅल्युमिनियमचा आणि कागदासारखा पातळ असतो. तो वरून पातीने उचकटला तर वाकतो आणि ती घडी कायमची दिसत राहते. आधी केसच्या कडेला टेप लावून पूर्ण बेझल काढा, उलटे करा आणि मागून अंगठ्याने सगळीकडे थोडे थोडे दाबत इन्सर्ट बाहेर काढा. त्रिकोणातला चमकणारा ठिपका सुटा होऊन पडतो. काम पांढऱ्या कापडावर करा, म्हणजे तो हरवणार नाही. उन्हाने राखाडी किंवा निळसर झालेला इन्सर्ट दोष मानू नका. संग्राहक त्याला जास्त पैसे देतात.

आता डायल आणि काटे. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या चकचकीत काळ्या डायलवर सोनेरी अक्षरे छापलेली नसतात. काळ्या थरातून खालची पितळ दिसते, म्हणून दहापट भिंगाखाली अक्षरे पृष्ठभागाच्या किंचित खाली दिसतात. नंतरच्या मॅट डायलवर पांढरी छपाई वर उठलेली असते. सोनेरी अक्षरे वर उठलेली दिसली तर डायल पुन्हा रंगवलेले असण्याची शक्यता मोठी. सर्व्हिस डायल (सर्व्हिसिंगमध्ये नंतर बसवलेले) ओळखायला ६च्या खाली बघा. ट्रिटियमच्या (अंधारात चमकणाऱ्या किरणोत्सारी लेपाच्या) डायलवर ‘स्विस – टी<२५’ असते आणि नंतरच्या ल्युमिनोव्हाच्या (किरणोत्सार नसलेल्या लेपाच्या) डायलवर ते नसते. पण जुनी सर्व्हिस डायलसुद्धा ट्रिटियमचीच असत, म्हणून फक्त या खुणेवर भरवसा ठेवू नका. टॉर्चची चाचणी जोडीला घ्या. ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे. पन्नास वर्षांत त्यातले सहा टक्क्यांच्या आसपास उरते आणि लेपातला चमकणारा पदार्थही थकलेला असतो, त्यामुळे टॉर्च बंद केल्यावर जुने ठिपके लगेच मावळतात. काटे बराच वेळ उजळत राहिले आणि डायल नाही, तर काटे नंतर बदललेले आहेत किंवा पुन्हा भरलेले आहेत.

काटे काढताना खरा धोका त्या जुन्या भुसभुशीत लेपाला असतो. काट्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून, डायलवर संरक्षक पट्टी घालून, दोन्ही बाजूंनी एकाच वेळी लीव्हर लावावा. असे केले की उडालेला कण प्लॅस्टिकखालीच अडकतो. लेप चिरलेला असेल तर काट्याच्या मागून पातळ लॅकरचा थेंब लावून तो धरून ठेवता येतो. बदलण्यापेक्षा हे कितीतरी चांगले. डायलवर अल्कोहोल, रबर, ओले कापड काहीही लावू नये. छपाई पुसली तर परत येत नाही. अगदी सुरुवातीच्या काही डायलवर रेडियम असू शकते. त्याचे अर्धायुष्य १६०० वर्षांचे. तो लेप खरवडू नका, त्याची धूळ श्वासात जाणे घातक आहे.

डायल खरोखरच गेले असेल तर त्याच काळाचे डायल शोधा. ‘२०० मीटर’ आधी आणि ‘६६० फूट’ नंतर लिहिलेले मॅट डायल साधारण १९६०च्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतले. सत्तरीच्या सिरीयलवर ते बसवले की जाणकाराला लगेच खटकते. जुने डायल कितीही डागाळलेले असले तरी फेकू नका. काटे पिशवीत न ठेवता कडक डबीत ठेवा, नाहीतर लेप तुटतो. डबीवर सिरीयल नंबर आणि तारीख लिहा. घड्याळ विकताना ही डबी सोबत द्या.

घड्याळ परत घेताना टायमिंग मशीनवर आकडे बघून घ्या. त्या मशीनवर लिफ्ट अँगलचे सेटिंग ५२ अंश हवे. ठोके १५२०ला ताशी १९,८०० आणि १५३०ला १८,०००. पूर्ण चावी दिल्यावर, डायल वर ठेवून अ‍ॅम्प्लिट्यूड (बॅलन्स चाकाचा झोका) २७० अंशांच्या वर असावा. पाण्याची चाचणी फक्त हवेच्या दाबाने करायला सांगा. पाण्यात बुडवून केली आणि नळी सुटली तर डायलच जाते. चाचणीत पास झाले तरी हे घड्याळ पोहायला नेऊ नका. शेवटी सुरुवातीचे फोटो मोबाइलवर उघडून दुकानातच भिंगाने जुळवा : डायलवरचा प्रत्येक डाग, काट्यांवरची प्रत्येक चीर, शिंगांच्या कडांचा प्रत्येक ओरखडा.