सोलरचं कोटेशन आलंय? सही करायच्या आधी हे बघा

आमच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं बसवायचं ठरलं तेव्हा तीन कोटेशनं आली, एक पावणेदोन लाखाचं, एक १ लाख ९५ हजारांचं आणि एक २ लाख १० हजारांचं, आणि पॅनल तिन्हीत जवळपास सारखेच. फरक सगळा खालच्या बारीक ओळींमध्ये.

ग्रीडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला, जोडायचा म्हणून घरगुती माणसाला वेगळा मोठा खर्च आता नाहीये. २०२४ च्या नियमांनुसार १० किलोवॅटपर्यंत फिजिबिलिटी तपासणी (तुमचं सोलर लाईनला झेपेल का ते बघणं) लागत नाही, आणि ५ किलोवॅटपर्यंत तुमच्यामुळे लाईन सुधारावी लागली तरी तो खर्च वीज कंपनीचा. केंद्राच्या पीएम सूर्यघर या सबसिडीच्या योजनेत महावितरण नेट मीटरही (घेतलेली आणि लाईनला दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) मोफत देतं. तरी एका कोटेशनमध्ये 'नेट मीटर' आणि 'लायझनिंग' मिळून १४ हजार लावलेले. लायझनिंग म्हणजे काय हो, तर म्हणे ऑफिसात फिरावं लागतं. अर्ज ऑनलाइन होतो की! कमी करायला लावलं, केलं.

खरे पैसे जातात स्ट्रक्चरमध्ये, म्हणजे पॅनल ज्यावर बसतात त्या सांगाड्यात. गच्चीवर कपडे वाळतात, उन्हाळ्यात कुरडया असतात, मग खालून चालता येईल असं उंच स्ट्रक्चर घ्यावं लागतं, आम्हाला त्याचेच २२ हजार जास्त पडले. अर्थिंगचे खड्डे मोजून घ्या, एसीचा (घरातल्या विजेच्या बाजूचा), डीसीचा (पॅनलच्या बाजूचा) आणि लायटनिंग अरेस्टरचा (वीज पडण्यापासून वाचवणारा) असे तीन वेगळे. आमच्याकडचा माणूस दोनच करून निघाला होता, आईने गच्चीवरून हाक मारून परत बोलावला.

सूर्यघरची सबसिडी पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३० हजार, तिसऱ्याला १८, झाले ७८ हजार, पुढे ५ लावा नाहीतर १० लावा, तेवढीच. बरेच जण ती आधीच वजा करून स्वस्त आकडा दाखवतात, पण ती सिस्टीम चालू झाल्यावर तुमच्या खात्यात येते, म्हणजे तोवर पूर्ण रकमेची सोय तुम्हालाच करायची. आणि पॅनल डीसीआर, म्हणजे भारतात बनलेल्या सेलचेच हवेत, नाहीतर सबसिडी विसरा. वीजबिल अजून आजोबांच्या नावावर असेल तर आधी नाव बदलून घ्या, नंतर फार धावपळ होते.

सप्टेंबर २०२५ पासून सोलरच्या सामानावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय, कोटेशन जुन्या दराने बनवलंय का तेही बघा.

वीजबिलातला फिक्स्ड चार्ज दर महिन्याला भरावाच लागतो, त्यामुळे 'बिल झिरो' म्हणणाऱ्यांच्या बोलण्यावर जाऊ नका. आणि साधं ऑन-ग्रीड (लाईनला जोडलेलं, बॅटरी नसलेलं) असेल तर लाईट गेली की भर दुपारीही सोलर बंद, लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून तसंच बनवलेलं असतं. शेजारच्या काकांना हे बसवून झाल्यावर कळलं, आता बॅटरीचं कोटेशन मागवतायत.