जपानी रॉकमधली हुरहूर मराठीत उतरवताना

आधी गाणं तीनदा ऐका आणि कागदावर तीनच गोष्टी टिपा: ऋतू, दिवसाची वेळ, क्रियापदाचा शेवट. प्रेमाची सगळी गोष्ट बहुतेकदा एवढ्यातच असते. 'माझं तुझ्यावर प्रेम आहे' असं सरळ वाक्य क्वचितच येतं. मुळात नसेल तर भाषांतरातही ते घालू नका.

गीताचा छापील मजकूर मिळवा, पण विश्वास कानावर ठेवा. कधी कधी लिहिलेलं असतं 'विश्व' आणि गायलं जातं 'सोरा', म्हणजे आकाश. नुसता मजकूर यंत्राला दिला तर हा दुसरा अर्थ हरवतो. दोन्ही अर्थ टिपून ठेवा.

ऋतू चुकला की गाणंच चुकतं. वसंत म्हटलं की आपल्याला मीलन आठवतं. जपानमध्ये मात्र शाळा मार्चमध्ये संपते, नवं शालेय वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं आणि टोकियोत साकुरा, म्हणजे चेरीची फुलं, नेमकी याच सुमारास फुलते, पूर्ण बहरल्यावर आठवड्याभरात गळूही लागते. म्हणून गाण्यातली साकुरा बऱ्याचदा ताटातुटीची असते. 'सेन्को हानाबी'चं नुसतं 'फुलबाजी' केलंत तर वाचकाला दिवाळी दिसेल. ती उन्हाळ्याच्या रात्री हातात धरायची बारीक फुलबाजी आहे: टोकाला लाल थेंब धरतो, ठिणग्या उडतात, थेंब गळतो आणि अंधार होतो. भाषांतरात 'उन्हाळा' आणि 'थेंब' दोन्ही ठेवा.

'सेत्सुनाइ'ला 'दुःखी' म्हणू नका, 'हुरहूर' जवळचा. 'हाकानाइ'च्या कांजीत, म्हणजे चिनीतून आलेल्या चित्राक्षरात, माणसाच्या खुणेशेजारी स्वप्न आहे. 'क्षणभंगुर' हा शब्द इथे फार जड पडतो, कीर्तनाकडे ओढतो. 'हातात येईतो विरलं' असं क्रियापदानेच सांगा. 'ते शिमाउ' हा शेवट म्हणजे घडून गेलं, आता परतवता येत नाही. त्यासाठी मराठीत आयती सोय आहे: 'निघून गेलं', 'बोलून बसलो'. ओळ 'नोनि'वर, म्हणजे 'असूनही'वर, तुटली असेल तर ती तशीच तुटकी ठेवा. पुढचं वाक्य पूर्ण करण्याचा मोह सर्वांत घातक.

खरी कसोटी लिंगाची. जपानी क्रियापदाला लिंग नसतं, कर्ता तर अनेकदा गाळलेलाच असतो. 'बोकु' हा मुलांचा 'मी', पण गायिकाही तो सर्रास गातात. मराठीत 'आलास' की 'आलीस' ठरवावंच लागतं आणि तिथे गाण्याचं दार बंद होतं. पळवाटा आहेत: 'मी विसरलो' ऐवजी 'मला आठवत नाही', 'तू आलीस' ऐवजी 'तुझं येणं'. 'प्रिये', 'सजणी' तर नकोच. 'किमी' म्हणजे साधं 'तू'.

गायचं असेल तर मात्रा मोजा. जपानीत साधारण प्रत्येक मोरेला, म्हणजे उच्चाराच्या एका मात्रेला, एक स्वर मिळतो आणि अर्ध्या 'न'चीही वेगळी मोरा असते. 'आइताइ', म्हणजे भेटण्याची ओढ, चार मोरांचा: आ-इ-ता-इ. 'भेटावंसं वाटतं' अर्थाने अचूक, पण चार स्वरांत मावत नाही. 'भेट व्हावी' चार अक्षरांत बसतं, इच्छा राखतं आणि बोलणारा कोण तेही उघड करत नाही.

सुरुवात 'साबी'पासून, म्हणजे ध्रुवपदापासून करा, मग त्याआधी येणारे कडव्याचे दोन भाग, 'ए-मेलो' आणि 'बी-मेलो', घ्या. बऱ्याच गाण्यांत शेवटच्या साबीआधी वाद्यं उतरतात आणि गळा जवळजवळ एकटा उरतो. तिथे जोडाक्षरं आणि 'ट-ठ' टाळा, लांबवता येतील असे 'आ', 'ई' शेवटी ठेवा.