जुनी मरीना हायवेला हलकी पळवायची असेल तर

माझ्याकडे इंडिगो मरीना आहे, टाटाने 2004 ला काढलेली ती इंडिगोची स्टेशन वॅगन, म्हणजे छप्पर पार मागच्या डिकीपर्यंत सरळ नेलेली गाडी. गाडी अजून ठणठणीत आहे पण 90 च्या पुढे गेलं की हवेशी झगडतेय हे आवाजावरनंच कळतं. हवेचा अडथळा स्पीडच्या वर्गाने वाढतो, म्हणजे 80 ऐवजी 100 ने गेलात तर तो दीडपटीच्या वर जातो आणि हवा कापायला लागणारी पॉवर जवळजवळ दुप्पट. हा अडथळा कमी करायचे घरगुती उपाय खाली देतोय. गाडी फक्त शहरात फिरत असेल तर यातलं काही करू नका, फरक दिसणारच नाही, पण महिन्यातनं दोन-चारदा पुणे-कोल्हापूर होत असेल तर जरूर करा.

आधी काही लावायचं नाही, काढायचं. वरचा कॅरिअर रिकामा असला तरी हवा अडवतो, तो सामान न्यायच्या दिवशीच लावा. पुढे बुल बार (बंपरपुढचा लोखंडी गार्ड) असेल तर तो पण काढा, तसाही 2017 पासून त्याला बंदीच आहे. मडफ्लॅप टायरपेक्षा रुंद असतील तर टायरएवढे कापून घ्या. एवढ्याने शून्य रुपयांत बरंच काम होतं.

मग गाडीखाली वाकून बघा. जुन्या गाड्यांचं इंजिनखालचं कव्हर गॅरेजला एकदा निघालं की बऱ्याचदा परत लागतच नाही, आणि मग हवा इंजिन, क्रॉसमेंबर (खालची आडवी पट्टी) सगळ्यावर आपटत जाते. ओरिजिनल मिळालं तर तेच बसवा, नाहीतर पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा कापून बोल्टने बसवा, ऑइल काढायच्या नटाखाली भोक ठेवा आणि सायलेन्सरच्या पाइपपासून लांब ठेवा. प्लॅस्टिक तर पाइपजवळ अजिबात नको, आग लागेल. पावसाळ्यात आत चिखल साठतो, तो धुवून घ्यायचा.

पुढची जाळी थोडी झाकली तरी फायदा होतो पण आपल्याकडच्या उन्हाळ्यात एसीच्या कंडेन्सरला हवा लागतेच, त्यामुळे फक्त हिवाळ्यात, एका वेळी थोडीच, आणि टेंपरेचरच्या काट्यावर लक्ष ठेवून.

आता खरी गोष्ट, मागची बाजू. वॅगनचं छप्पर सरळ जातं आणि एकदम तुटतं, तिथे हवा पत्र्याला सोडते आणि मागे कमी दाबाचा भोवरा तयार होतो जो गाडीला मागे ओढत राहतो. कच्च्या रस्त्यावरून आलं की मागची काच धुळीने पांढरी होते ती याच भोवऱ्यामुळे. उपाय म्हणजे छप्पर थोडं मागे वाढवायचं आणि हळूहळू खाली उतरवायचं. 10 अंशाच्या आसपास उतार ठेवा, म्हणजे 20 सेंटीमीटर लांबीला साडेतीन सेंटीमीटर खाली. जास्त उतार दिला की हवा परत सुटते आणि सगळी मेहनत वाया जाते. सुरुवातीला बोर्डवाल्यांकडे मिळणारी सनपॅक शीट (आतून पोकळ, हलकी प्लॅस्टिकची शीट) आणि चांगला टेप वापरा, डिकी पूर्ण उघडते का, वायपर फिरतो का, वरचा ब्रेक लाइट झाकला जात नाही ना, हे आधीच बघून घ्या.

हवा खरंच चिकटून चाललीय का ते बघायला लोकरीचे 10-10 सेंटीमीटरचे धागे छपरावर आणि त्या शीटवर ओळीने टेपने चिकटवा आणि मित्राला दुसऱ्या गाडीत बसून व्हिडिओ काढायला सांगा. धागे सरळ मागे पडलेले असतील तर उत्तम, फडफडत किंवा उलटे फिरत असतील तर उतार कमी करा. मला हा सगळ्यात आवडता भाग वाटतो, कारण एरवी न दिसणारी हवा डोळ्यांनी दिसते!

शीट चालली तरच फायबरचा पक्का पार्ट करायला टाका. तोही बोल्टने निघणाराच, कारण कंपनीच्या मूळ रचनेत बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं आणि पासिंगच्या वेळी काढता आला पाहिजे.

मोजायचं मात्र नीट. एका टाकीच्या ॲव्हरेजवर विश्वास ठेवू नका, ट्रॅफिक आणि पाय दोन्ही बदलतात. पहाटे, वारा नसताना, सपाट मोकळ्या रस्त्यावर (एक्सप्रेसवेवर नको, मागून ट्रक येतात) 80 ला नेऊन न्यूट्रल करा, इंजिन चालूच ठेवा म्हणजे ब्रेक आणि स्टेअरिंग जड होणार नाही, आणि 60 ला यायला किती सेकंद लागले ते शेजारच्याला मोजू द्या. जाताना चार वेळा, येताना चार वेळा, टायरची हवा तीच, माणसं तेवढीच. मग शीट काढून परत तसंच, आणि परत लावून अजून एकदा. शीट लावल्यावर दर वेळी सेकंद वाढले, म्हणजे हवेचा अडथळा कमी झाला, तरच ती ठेवा.